झाडांना पाण्याचा पत्ता विचारणारा वराहमिहिर

सिव्हिलला ॲडमिशन मिळाली आणि गावात माझी पंचाईत झाली. कुणाच्या भिंतीला तडा जावो की कुणाची टाकी गळो, सगळे माझ्याकडे बघणार. मी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये कसाबसा सुटलोय हे त्यांना कोण सांगणार! पण गेल्या मे महिन्यात जो प्रश्न समोर आला त्यानं मात्र माझी झोप उडवली.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस आम्हाला वाकुल्या दाखवून पुढे निघून जातो. शेतात पणजोबांनी खणलेली विहीर आहे, तिच्या काठावर तिच्याहूनही जुना उंबर आहे आणि ओढ्याच्या बाजूला वेड्या बाभळींची दाट रांग आहे. अलीकडे विहीर एप्रिलमध्येच तळ दाखवते. घरच्यांनी कर्ज काढून दोन बोअर मारल्या. पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती. दोन्ही फेल, नुसती धूळ उडाली. मग आबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, शोध लावला की विहिरीचं पाणी ही झाडंच पितात. तेव्हा बाभळी आणि उंबर, सगळंच तोडायचं. हे ऐकल्यावर आजी जी उंबराखाली जाऊन बसली ती उठायलाच तयार नाही. उंबर आहे म्हणून विहिरीला पाणी आहे, असं तिचं म्हणणं. शेवटी दोघांनी निकाल माझ्यावर सोपवला. घरात एकच इंजिनिअर ना! मी परीक्षेचं कारण सांगून वेळ मारून नेली आणि हॉस्टेल गाठलं.

लायब्ररीत भूजलावरची पुस्तकं चाळताना एकात वराहमिहिराचं नाव भेटलं. तोवर मला वराहमिहिर म्हणजे पत्रिका आणि ग्रह-तारे एवढंच माहीत होतं. त्याच्या बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्यावर अख्खा अध्याय आहे आणि त्यात पाण्याचा पत्ता सांगतात ती झाडं, हे वाचून मी उडालोच. बृहत्संहितेचं भाषांतर मिळवलं आणि सबमिशन बाजूला ठेवून वाचत बसलो.

आधी या माणसाची ओळख करून घेऊ.

वराहमिहिर अवंतीचा, म्हणजे आजच्या उज्जैन भागातला. वडिलांचं नाव आदित्यदास, आणि तेच त्याचे गुरू. बृहज्जातक या ग्रंथाच्या शेवटी त्यानं स्वतःबद्दल थोडं सांगितलंय. त्यात कापित्थक या गावी सूर्याचा वर मिळाल्याचा उल्लेख आहे. काही अभ्यासकांच्या मते हे गाव म्हणजे उज्जैनजवळचं कायथा. त्याच्या पंचसिद्धांतिका या ग्रंथातलं गणित शके ४२७, म्हणजे इ.स. ५०५ हे वर्ष धरून सुरू होतं. आमराज नावाच्या भाष्यकारानं त्याचा मृत्यू शके ५०९, म्हणजे इ.स. ५८७ मध्ये झाल्याचं नोंदवलंय. दोन्ही आकडे जुळवायचे तर माणूस शंभरीच्या घरात जगला म्हणावं लागेल. म्हणून ५०५ हे ग्रंथ लिहिल्याचं वर्ष नसून हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेलं वर्ष असावं, असं काही जण मानतात. काही असो, माणूस सहाव्या शतकातला, आर्यभटापेक्षा थोडा धाकटा.

विक्रमादित्याच्या दरबारातल्या नवरत्नांत त्याचं नाव घेतात. राजपुत्राचा मृत्यू वराहामुळे होणार हे त्यानं आधीच सांगितलं आणि म्हणून त्याला वराह ही पदवी मिळाली, अशीही एक गोष्ट आहे. गोष्ट छान आहे, पण ती नऊ रत्नं एका काळातली नाहीत, त्यामुळे तिला इतिहास म्हणता येत नाही.

त्याचा खरा काळ मात्र गोष्टीपेक्षा कमी रंगतदार नव्हता. गुप्त साम्राज्य मोडकळीला आलेलं, हूणांच्या स्वाऱ्या चाललेल्या. माळव्यात यशोधर्मन नावाच्या राजानं हूणांचा राजा मिहिरकुल याला हरवलं. याच यशोधर्मनच्या काळातला, इ.स. ५३२ चा एक शिलालेख मंदसौरला सापडला आहे. त्यात राजांच्या पराक्रमाबरोबर कशाची नोंद असावी? एका विहिरीची! दक्ष नावाच्या माणसानं आपल्या दिवंगत काकाच्या स्मरणार्थ मोठी विहीर खणली, ती ही नोंद. वराहमिहिराच्या हयातीत, त्याच्याच मुलखात विहीर खणणं ही दगडावर कोरून ठेवण्याइतकी मोठी गोष्ट होती. पाणी कुठं लागेल हे सांगणाऱ्या माणसाला तिथं काय मान असेल याचा विचार करा.

वराहमिहिराचा स्वभाव मला त्याच्या ग्रंथांतून थोडाफार कळला. पंचसिद्धांतिकेत त्यानं आपल्या काळात चालू असलेल्या पाच सिद्धांतांचा सार एकत्र केला. त्यांतले रोमक आणि पौलिश हे दोन पाश्चात्त्य, ग्रीक वळणाचे. ग्रीक लोक परके असले तरी या शास्त्रात जाणकार आहेत, तेव्हा त्यांना ऋषींसारखा मान द्यावा, असं त्यानं स्पष्ट लिहून ठेवलंय. ज्ञान कुठून आलं यापेक्षा ते बरोबर आहे का, हे तो बघायचा. आता तो नेहमी बरोबरच होता असं नाही हं! पृथ्वी फिरते हे म्हणणं त्याला पटलं नव्हतं. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परत कसे आले असते, असा त्याचा सवाल होता. आपल्या फिजिक्सच्या व्हायवात त्याला नक्की केटी लागली असती.

बृहत्संहिता हा त्याचा सगळ्यात पसरट ग्रंथ. शंभरावर अध्याय. ग्रहणं, ढग, पाऊस मोजण्याचं भांडं, घरबांधणी, रत्नं, अत्तरं आणि दगडी बांधकामाला वापरायचा वज्रलेप, असं काय वाटेल ते त्यात आहे. यातलाच एक अध्याय दकार्गल. दक म्हणजे पाणी आणि अर्गल म्हणजे अडसर. दाराचा अडसर काढावा तसा जमिनीखालच्या पाण्याचा अडसर काढायचं हे शास्त्र. सुमारे सव्वाशे श्लोक आहेत आणि ते सगळं आपल्याच डोक्यातून निघालं असा आव त्यानं आणलेला नाही. सारस्वत मुनी आणि मनू यांच्या नावावरच्या जुन्या माहितीच्या आधारे आपण लिहितोय, हे तो सांगून टाकतो.

सुरुवातीलाच तो म्हणतो की माणसाच्या अंगात जशा रक्ताच्या शिरा, तशा जमिनीत पाण्याच्या शिरा असतात, काही वर, काही खोल. आकाशातून पडणारं पाणी एकाच चवीचं असतं, जमिनीच्या गुणाप्रमाणे त्याची चव आणि रंग बदलतो. माळवा आणि आपला देश-मराठवाडा एकाच काळ्या बेसाल्टवर बसलेत. या अखंड खडकात पाणी मुरत नाही, ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, सांध्यांत सापडतं. दहा फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकीला पाणी लागतं आणि दुसरी फेल जाते ती यामुळेच. ज्याच्या मुलखात असा खडक आहे त्याला शिरा सुचाव्यात यात नवल नाही.

मग येतात झाडं. पाणी नसलेल्या भागात जांभूळ दिसली तर तिच्या उत्तरेला तीन हातांवर, दोन पुरुष खोल पाणी. उंबर असेल तर पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष. अर्जुनाच्या उत्तरेला वारूळ असेल तर पश्चिमेला तीन हातांवर, साडेतीन पुरुष. निर्गुडीजवळ वारूळ असेल तर दक्षिणेला तीन हातांवर, सव्वादोन पुरुष, आणि ते पाणी गोड, न आटणारं. पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. भट्टोत्पल या भाष्यकारानं त्याचं माप १२० अंगुळं दिलंय, म्हणजे साधारण साडेसात फूट. नुसतं उंबराखाली खणा असं नाही, किती हातांवर, कोणत्या दिशेला, किती खोल, आणि खणताना क्रमानं कोणती माती, कोणता दगड लागेल, सगळं लिहिलेलं. आज बोअर मारताना आपण जे स्तरांचं टिपण ठेवतो त्याचाच हा पूर्वज!

झाडाची तब्येत बघायलाही तो सांगतो. ज्यांची पानं तुकतुकीत, फांद्या लोंबणाऱ्या आणि चण ठेंगणी, त्यांच्याजवळ पाणी. पोकळ झालेली, फाटक्या पानांची, रुक्ष झाडं पाण्यापासून लांब. गवत नसलेल्या जागी एखादाच हिरवा तुकडा दिसला तर तिथं पाण्याची शीर असणार, नाहीतर पुरलेलं धन! (आमच्या शेतात दोन्ही सापडलेलं नाही.)

मला सगळ्यात आवडलं ते त्याचं वाळवंटाबद्दलचं लिखाण. तिथल्या शिरा उंटाच्या मानेसारख्या खाली-वर जातात, असं तो सांगतो. तिथं पिलू, करीर, रोहितक या झाडांच्या खुणा बघायच्या आणि पाणी काही ठिकाणी दहा-बारा पुरुष खोल समजायचं, म्हणजे पाऊणशे ते नव्वद फूट. रोहितकाजवळचं पाणी खारट निघेल, ही सूचनाही आहे. पुढे तो बजावतो की वाळवंटातल्या खुणा कमी पावसाच्या माळरानावर लावू नका, आणि जांभूळ, वेतस वगैरेंच्या खुणांवरून काढलेली खोली वाळवंटात दुप्पट धरा. एका जागचं सूत्र दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही, आधी जमीन बघा! आपण मात्र कोडमधला आकडा डोळे मिटून ठोकतो.

मातीचे, पाण्याचे असे हिशेब मांडत हा माणूस जगला. मुलगा पृथुयशा, तोही ज्योतिषी झाला. पुढे दहाव्या शतकात भट्टोत्पलानं बृहत्संहितेवर मोठं भाष्य लिहिलं. अकराव्या शतकात अल्-बिरूनीनं आपल्या भारतावरच्या ग्रंथात त्याचे आधार पुन्हा पुन्हा घेतले. १८६५ साली केर्न या डच पंडितानं कलकत्त्याहून बृहत्संहिता छापून आणली, आणि तिरुपतीच्या वेंकटेश्वर विद्यापीठातले भूवैज्ञानिक ई. ए. व्ही. प्रसाद यांनी या एका अध्यायावर सबंध पुस्तक लिहिलं.

इथवर वाचून मला वाटलं, जिंकलो. आजीचंच खरं. पण थोडं थांबायला हवं. याच अध्यायात अर्ध्या पुरुषावर पांढरी घोरपड निघेल, पांढरा साप निघेल, असंही लिहिलंय. त्याचा आणि पाण्याचा संबंध मला तरी लावता आला नाही. अमुक इतकेच हात का, याचंही कारण तो देत नाही. वारुळाचं मात्र पटतं. वाळवीला वारुळात सतत ओलावा लागतो आणि तो ती खालून आणते.

शिवाय माझा मूळ प्रश्न तसाच होता. उंबर पाणी दाखवतो हे ठीक, पण पितो किती? त्यासाठी विसाव्या शतकात यावं लागलं.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या ऑस्कर माइन्झर यांनी १९२७ साली भूजल दाखवणाऱ्या वनस्पतींवर एक अहवाल लिहिला. थेट भूजलपातळीपर्यंत मुळं नेऊन पाणी पिणाऱ्या झाडांना त्यांनी एक वेगळं नावच दिलं होतं. म्हणजे वराहमिहिराचं तत्त्व बरोबर होतं. फक्त त्याची दुसरी बाजू अशी की झाड पाणी दाखवतं, कारण ते तिथलं पाणी पितं. १९३२ साली त्याच खात्यातल्या व्हाइट यांनी युटा राज्यातल्या कोरड्या खोऱ्यातली मापं प्रसिद्ध केली. उथळ विहिरींत पाण्याची पातळी नोंदणारी यंत्रं बसवली होती. पातळी दिवसा उतरायची आणि रात्री चढायची, रोज! ऊन असताना पानांतून बाष्प जातं, मुळं पाणी ओढतात. रात्री ओढ थांबते आणि आजूबाजूचं पाणी येऊन खड्डा भरतो. वरच्या वनस्पती कापल्या की हा चढउतार थांबायचा. या आलेखावरून झाडांनी किती पाणी प्यायलं याचा हिशेबही त्यांनी मांडला.

मुळं किती खोल जातात? कलहारी वाळवंटात बोअर घेताना ६८ मीटरवर झाडाची मुळं सापडली आहेत. आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातल्या मेस्किटची मुळं ॲरिझोनातल्या एका खाणीत ५३ मीटरवर निघाली. म्हणजे आबाही चुकीचे नव्हते.

मग सगळी झाडं तोडावीत? ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य भागात ते करून झालंय. गव्हासाठी खोल मुळांची रानं तोडली. पाणी पिणारं कुणी उरलं नाही, भूजल वर आलं आणि येताना जमिनीतलं मीठ घेऊन आलं. ओढे खारट झाले, शेतं नापीक झाली. हे कारण १९२४ साली लिहून दाखवणारा वुड हा रेल्वेचा इंजिनिअर होता. आणि झाड नुसतं घेत नाही. काही झाडंझुडपं रात्री खोलवरचं पाणी मुळांवाटे वर आणून कोरड्या मातीत सोडतात, हे १९८७ साली दाखवलं गेलं. मुळांनी आणि त्यांच्याभोवतीच्या किड्यामुंग्यांनी पोखरलेल्या जमिनीत पाऊसही खोल मुरतो, नाहीतर तो वाहून जातो.

मग किती झाडं हवीत? २०१६ साली बुर्किना फासो या कोरड्या देशातल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथं शेतात विरळ झाडं ठेवायची पद्धत आहे. झाडं अगदीच नसली तर पाणी मुरत नाही, फार दाट झाली तर मुरलेलं सगळं पिऊन टाकतात. मधल्या प्रमाणात असली तर पुनर्भरण सगळ्यात जास्त.

हे वाचलं आणि मला बृहत्संहितेचं पुढचं पान आठवलं. दकार्गलानंतरचा अध्याय वृक्षायुर्वेदाचा, झाडं कशी लावायची याचा. पाण्याच्या काठी सावली हवी, म्हणून तिथं बागा लावाव्यात, अशी सुरुवात आहे. आणि मग माप! दोन झाडांत २० हात अंतर उत्तम, १६ मध्यम, १२ म्हणजे अगदी कमीत कमी. जवळजवळ लावलेल्या झाडांची मुळं एकमेकांत गुंततात आणि ती नीट फळत नाहीत. आता हे त्यानं फळांसाठी लिहिलंय, भूजल पुनर्भरणासाठी नाही. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असली आरोळी मी ठोकणार नाही. पण झाडं अंतरानं हवीत हे त्यानं डोळ्यांनी पाहून, हातानं मोजून लिहिलं होतं.

गावी फोन केला. आबांना सांगितलं की उंबराला हात लावायचा नाही. उंबर पाणी पितो हे खरं, पण विहिरीजवळ पाणी मुरायला त्याची मदतही होते. शिवाय तो फक्त दिवसा पितो, आपली मोटर तर लाईट आली की रात्रीसुद्धा पिते. बाभळींची रांग मात्र विरळ करायची आणि मधल्या जागी २० हातांवर एकेक लिंब, जांभूळ लावायची. आबा काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले की हे वाचून सांगतोयस की मोजून.

बोललेच ना बरोबर! म्हणून या मे महिन्यात बाभळी विरळ करण्याआधी बेत ठरलाय. रांगेजवळ एक उथळ भोक घेऊन त्यात पाइप उतरवायचा, मोटर आठ दिवस बंद ठेवायची आणि संध्याकाळी व पहाटे दोर आणि टेपनं पातळी मोजायची. बाभळी खरंच त्या पातळीचं पाणी पीत असतील तर पहाटे पाणी वर आलेलं दिसेल. नसतील तर तेही कळेल. मी आबांना शब्द दिलाय की आकडा काहीही निघो, तोच मानायचा. आजी मात्र असला काही शब्द द्यायला तयार नाही.

ज्या मित्रांना सुट्टीत काम नाही त्यांनी जरूर यावं. जेवण आणि झोपायला उंबराची सावली फुकट. टेप आपापली आणावी, माझी मागच्या सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला कुणीतरी ढापली आहे.